‘विविर’ म्हणजे जगणे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला माणूस घरातलं बोलून जातो ना — तसं समजा.

आधी थोडी बढाई ऐकून घ्यावी लागेल, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाठांतरात मला हरवणारा माणूस अजून भेटायचाय. इथे हैदराबादेत, जामबागच्या मराठी शाळेत आमचे संस्कृतचे गुरुजी वर्गाला एका सुरात शब्द चालवायला लावायचे — देवः, देवौ, देवाः — आणि कुणी अडखळला की सगळा वर्ग थांबायचा. मी कधी अडखळलो नाही. अर्थ? अर्थ नंतर कळेल, असं गुरुजी म्हणायचे. पुढे रेल्वेत नोकरी केली, तारनाक्याच्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं. गाड्यांची वेळापत्रकं मला तोंडपाठ असत आणि साहेबलोक कागद न काढता मला विचारत. निवृत्तीनंतर बरकतपुऱ्यात घर घेतलं. रिकामपण अंगावर यायला लागलं तेवढ्यात अमोघनं, आमच्या मुलानं, सांगितलं की त्याच्या ऑफिसातली ल्युसिया नावाची मुलगी त्याला आवडते, आणि ती कोलंबियाची आहे.

सुमन, माझी बायको, दोन दिवस भांडी आपटत होती. मी मात्र तिसऱ्या दिवशी स्पॅनिशचं व्याकरण विकत घेऊन आलो.

काय सांगू, जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं! एका क्रियापदाची केवढी रूपं. मी, तू, तो, आम्ही. काल, आज, उद्या. झालं असतं तर, होवो, होऊ दे, कर. मी गुरुजींच्याच चालीवर सुरुवात केली. ‘विविर’ म्हणजे जगणे. विवो, विवेस, विवे. मग भूतकाळ, भविष्यकाळ, संकेतार्थ, आज्ञार्थ, सगळं. रोज सकाळी गॅलरीत फेऱ्या मारत मोठ्यानं. शेजारचे इक्बालभाई एकदा कठड्यावरून वाकून म्हणाले, “हौ साब, सुबू-सुबू कायका वजीफा पढ रैं?” वजीफा म्हणजे त्यांच्यातला रोजचा जप. मी म्हटलं, सुनेच्या भाषेचा. ते इतके खूश झाले की संध्याकाळी खुबानीका मीठा, जर्दाळूंचं ते गोड, पाठवून दिलं.

ल्युसिया पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिच्यासमोर ‘विविर’ सगळ्या काळांतून आणि सगळ्या अर्थांतून चालवून दाखवलं. न थांबता. तिनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, आमच्याकडे शाळेतल्या मुलांनासुद्धा हे असं येत नाही. त्या दिवसापासून आमच्या नातेवाइकांत बातमी पसरली — दिगंबररावांना स्पॅनिश येतं.

येत होतं का? चालवता येत होतं. समोरचा माणूस भराभरा बोलायला लागला की मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. फक्त मलाच.

लग्नाला ल्युसियाची आई एकटी आली. ग्रासिएला तिचं नाव. उंच, बारीक, हसरी बाई. स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नव्हतं. मला ती आदरानं ‘दोन दिगंबर’ म्हणायची — त्यांच्याकडे आपल्या ‘राव’सारखा तो ‘दोन’ लावतात. सुमन म्हणाली, “एक दिगंबर सांभाळता सांभाळता जन्म गेला, आता दोन आले!” घरभर हशा. काचीगुड्याच्या कार्यालयात विहीणबाईंना मानाची साडी नेसवली, खणानारळानं ओटी भरली, आणि त्या पाठवणीच्या वेळी इतक्या रडल्या की आमच्या आत्याबाई म्हणाल्या, आई कुठलीही असो, आईच.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी — आता आलो बघा, तिथवर यायला इतका वेळ लावला — विहीणबाई गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला. त्यात भाषांतर करणारं ते ॲप होतं, इकडे बोललं की तिकडे इंग्रजी उमटणारं. आणि मी काय केलं? हात हलवून हसून म्हणालो, नको, नको, ठेवा ते. मला कळतं.

दारात अमोघ उभा होता, त्याची मामी होती, सुमन चहाचा ट्रे घेऊन थबकली होती. सगळे कौतुकानं बघत होते. मी कसा मागे हटणार?

विहीणबाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला. माझे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागल्या. हळू आवाजात, पण भराभर. डोळ्यांतून पाणी. अमोघनं ते बघितलं आणि सगळ्यांना आत घेऊन गेला.

आता तुम्हीच सांगा — लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीची आई व्याह्याचे हात धरून रडत काय बोलते? आपल्याकडे तिला बोलायला एकच गोष्ट असते. लेकीला सांभाळा. तळहातावरच्या फोडासारखी वाढवलीय, काही चुकलं तर पोटात घाला. मी हे किती लग्नांत ऐकलंय! शब्द न कळताही मला सगळं कळलं, असं मी धरून चाललो. मी मान डोलावत राहिलो. मधेमधे ‘सी, सी, क्लारो’ — हो, हो, अर्थातच — म्हणत राहिलो.

पण त्यात एक शब्द आला. ओस्पिताल. त्याला व्याकरण लागत नाही. तो मला कळला. तो दोनदा आला. मी जरा चमकलो. आणि लगेच मनाशी म्हणालो, नवऱ्याच्या आजारपणाचं सांगत असतील; ल्युसियाचे वडील ती लहान असतानाच गेले होते.

मी फक्त एक शब्द म्हणायला हवा होता. ‘रेपीता’. परत सांगा. आज्ञार्थ, आदरार्थी, एकवचन. तो मला झोपेत विचारला असता तरी आला असता. मी तो म्हणालो नाही. का? परत सांगा म्हटलं असतं तर कळलं नाही हे कबूल झालं असतं. तेवढंच. दुसरं कारण शोधून बघितलंय मी, सापडत नाही.

शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी छातीवर हात ठेवून शुद्ध भविष्यकाळात उत्तर दिलं — लो आरे. मी करेन. त्यांनी माझे हात कपाळाला लावले. दोन दिवसांनी त्या परत गेल्या.

ल्युसियानं विचारलंही, आई एवढं काय बोलली? मी ऐटीत म्हणालो, आयांचं ठरलेलं असतं, लेकीला सांभाळा म्हणाल्या. ती हसली आणि लाजली.

मग दर रविवारी व्हिडिओ कॉल. विहीणबाई बारीक होत चालल्या होत्या. आम्हाला वाटलं, एकट्या राहतात, जेवत नसतील. एका रविवारी ल्युसिया पाणी आणायला उठली तेवढ्यात त्यांनी मला घाईघाईनं काहीतरी विचारलं. मला वाटलं, आमच्याकडे कधी येताय असं विचारतायत. मी म्हणालो, ‘प्रोंतो’. लवकरच. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तो चेहरा मला अजून दिसतो.

डिसेंबर यायच्या आत त्या गेल्या. पोटाचा कॅन्सर. ल्युसियाला निरोप मिळाला तोच गेल्याचा.

ती मातीला पोचली नाही. नंतर जाऊन आली आणि परतल्यावर आमच्याकडे खाली आली — ती दोघं वरच्या मजल्यावर राहतात — तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होता. म्हणाली, “बाबा, माझी मावशी म्हणते, आई सांगायची की मी हैदराबादला सगळं सांगून आलेय. मला तर नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं होतं?”

इथे दार उघडं होतं. सताड उघडं. मला कळलं नाही गं पोरी, मला तुझी भाषा कळतच नाही — एवढं म्हणायचं होतं. तिनं मला मारलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणालो, हो. सांगितलं होतं. पण तुला सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं.

खोटं किती पटकन येतं! ल्युसिया रडायला लागली. मग — हे लिहिताना हात थांबतो — माझ्या पाया पडली. म्हणाली, तुम्ही एकट्यानं केवढं ओझं वाहिलंत. आणि विचारलं, आणखी काय म्हणाली ती? माझ्यासाठी काही म्हणाली?

माझ्याजवळ काय होतं? क्रियापदं होती. मी सगळ्यात जास्त घोटलेलं एक उचललं आणि त्यांच्या तोंडी घातलं. विवी पारा ती, विवो एन ती, विविरे एन ती — के विवास. तुझ्यासाठी जगले, तुझ्यात जगतेय, तुझ्यात जगेन — तू जगावंस. भूत, वर्तमान, भविष्य आणि शेवटी विध्यर्थ. एकही चूक नाही.

तिनं ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.

इथे संपलं असतं तर मी कदाचित पचवलंही असतं. मी तसा पचवणाऱ्यांतला आहे. पण लाज म्हणा, भीती म्हणा, मी त्यानंतर खरंच स्पॅनिश शिकलो. चालवायला नव्हे, ऐकायला. त्यांच्याकडचा रेडिओ मोबाईलवर लावून तासन्‌तास बसायचो. हळूहळू आवाजांतून शब्द सुटे व्हायला लागले. आणि माझं पाठांतर — मी सांगितलं ना, मला हरवणारा कुणी नाही. त्या सकाळी गॅलरीत जे ऐकलं होतं, ते न कळताही माझ्यात तसंच्या तसं पडून होतं, शाळेतल्या श्लोकांसारखं. गुरुजींचं खरं ठरलं. अर्थ नंतर कळला.

त्या म्हणाल्या होत्या: “मला बरं नाही. हॉस्पिटलमध्ये सांगितलंय, फार दिवस नाहीत. लेकीला मी सांगू शकत नाही, माझ्या तोंडून निघत नाही. लग्नाची गडबड सरली की तुम्ही सांगा. तिला म्हणावं, वर्ष संपायच्या आत ये. मला हॉस्पिटलमध्ये एकटीनं मरायचं नाही. सांगाल ना?”

मी करेन, असं मी म्हणालो होतो.

आणि त्या रविवारी? त्यांनी विचारलं होतं, तिला सांगितलंत ना? ती कधी येतेय? मी म्हणालो, लवकरच. त्यानंतर त्या वाट बघत राहिल्या असणार. लेकीला कळलंय, लेक येईल. मग, लेकीला कळलंय आणि ती येत नाहीये. त्या हे मनात घेऊन गेल्या का? मला माहीत नाही. पण मला वाटतं, घेऊनच गेल्या.

खरे शब्द आज माझ्याजवळ आहेत, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच आवाजात. ते ल्युसियाचे आहेत. मी ते अजून दिलेले नाहीत. आणि हे जे लिहितोय ते मराठीत. ल्युसियाला मराठी बोलता येतं, आमच्या घरातलं, थोडं हैदराबादी. वाचता येत नाही. अमोघ इंग्रजी शाळेतला, दुकानाची पाटी वाचताना अडखळतो. हे मला लिहायला बसण्याआधी माहीत होतं. कबुली देतानाही मी जागा बघून बसलोय.

ल्युसियाला मुलगी झाली. नाव आजीचं ठेवलं, ग्रासिएला. आम्ही ग्रासी म्हणतो. आता बोबडं बरंच बोलते. संध्याकाळी सुमन देवापुढे दिवा लावते तेव्हा ग्रासी हात जोडून उभी राहते आणि आईनं शिकवलेलं आजीचं वाक्य म्हणते. विवी, विवो, विविरे. चालसुद्धा माझीच, गुरुजींची.

काल तिनं ‘विविरे’ गाळलं. माझं तोंड माझ्या आधी उघडलं. मी म्हणालो, “परत म्हण.”

तिनं नीट म्हटलं. स्वयंपाकघराच्या दारातून ल्युसिया माझ्याकडे बघून हसली, आणि पोळ्या लाटायला आत गेली.