आईच्या खुब्यातली खुंटी

आईच्या रक्षाविसर्जनाला आम्ही कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी स्मशानात जमलो होतो. राखेवर पाणी शिंपडून झालं होतं. चुलते अस्थी वेचून मडक्यात ठेवत होते. त्यांच्या हाताला काहीतरी जड लागलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि बाजूला टाकलं.

"चितेच्या जाळीचा बोल्ट निसटलाय," ते म्हणाले. "ग्रामपंचायतीला सांगा रं कुणीतरी."

मी जाऊन तो उचलला. वितीपेक्षा थोडी आखूड, खाली निमुळती होत गेलेली खुंटी आणि तिच्या डोक्यावर गोळा. आगीनं तिला निळसर-जांभळी झाक आली होती. बाकी काही झालं नव्हतं. ती मी एक्स-रेमध्ये अनेकदा पाहिली होती.

"तात्या, हा बोल्ट नाही. आईच्या खुब्यातला आहे."

चुलत्यांनी हात धोतराला पुसले. "मग बाजूलाच ठेव. धातू अस्थीत घालत न्हाईत. मंगळसूत्र काढलंच की आपण."

"मंगळसूत्र अंगावर हुतं," माझी बहीण म्हणाली. "हे अंगात हुतं."

"अगं, पण ते काय तिचं हाय का? दवाखान्यातनं आलेलं!"

दोघंही वडिलांकडे बघू लागले. वडील खुर्चीवर बसले होते. आमच्यात आता रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेऊन त्यात घालतात आणि वर झाड लावतात. विहिरीजवळची जागा वडिलांनी स्वतः दाखवली होती आणि सकाळीच सांगितलं होतं, "तिचं काय बी मागं ऱ्हायलं न्हाई पायजे." आता तेच मला म्हणाले, "आण इकडं."

आई एकोणऐंशीची असताना गोठ्यात घसरली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. या वयात कापाकापी नको, असं चुलत्यांचं मत होतं. आईचं मत वेगळं होतं. "पडून ऱ्हायला मी काय शेणाची पाटी हाय?" ती म्हणाली. आम्ही तिला मिरजेला नेलं.

डॉक्टरांनी तिला खुंटीचा नमुना दाखवला. मांडीच्या हाडाच्या पोकळीत ती ठोकून बसवायची. तिचा वरचा भाग खरखरीत होता, सच्छिद्र.

"किती वरसं टिकंल?" आईनं विचारलं.

"पंधरा-वीस."

"आवं, मी न्हाई टिकायची तेवढी. उरल्यालं कुणाला देऊ?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कुपवाडला माझं छोटं वर्कशॉप आहे. पंपाच्या शाफ्टवर बेअरिंग बसवण्याचं काम आम्ही करतो. तिथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब असतो. तीस वर्षांत एक गोष्ट मी पक्की शिकलो आहे: दोन भाग कितीही घट्ट बसवा, ज्या दिवशी बसवले त्या दिवशी ते सगळ्यात घट्ट असतात. पुढं ते झिजतात, ढिले होतात. म्हणून मी विचारलं, ही खुंटी ढिली कधी होणार?

डॉक्टर म्हणाले, "उलटं आहे. बसवली त्या दिवशी ती सगळ्यात सैल असते. मग त्या छिद्रांत हाड वाढतं आणि तिला धरून ठेवतं."

"एकोणऐंशीव्या वर्षी?"

"वेळ लागतो, पण वाढतं. जुनं हाड काढायचं आणि नवं घालायचं, हे काम शरीर शेवटपर्यंत करत असतं."

मी मान डोलावली, पण मनातून पटलं नाही. आईला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, दात गेले होते, चार पायऱ्या चढली की दम लागायचा. अशा शरीराकडे बांधकामाला सामान कुठून येणार?

वर्षानं एक्स-रे काढला. धातू आणि हाड यांच्यात काळी रेघ दिसली तर खुंटी सैल आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्कशॉपमध्ये मी दोन भाग उजेडाला धरून फट पाहतो, तशी ती फिल्म खिडकीला धरली. वरपासून खालपर्यंत पाहिलं. रेघ नव्हती.

आई काठीशिवाय विहिरीपर्यंत जायची. मांडी घालायची मनाई होती, तेवढ्यावर ती चिडायची. मी सुट्टीला गेलो की पाय आपटून दाखवायची, "तुझ्याच कारखान्यातला हाय का रं ह्यो? आवाज न्हाई करत." त्र्याऐंशीव्या वर्षी न्यूमोनियानं ती गेली. पाय शेवटपर्यंत शाबूत होता.

ती खुंटी घेऊन मी वडिलांकडे निघालो आणि चालता चालता अंगठ्यानं राख पुसली. खालचा भाग गुळगुळीत, स्वच्छ झाला. वरचा होईना. खरखरीत भागाच्या छिद्रांत काहीतरी पांढरं होतं. आधी राखच वाटली. नखानं खरवडलं. निघालं नाही. मी तिथंच थांबलो.

ते हाड होतं. मोडलेल्या हाडाच्या आत, कुणाला न दिसता, आईनं आपल्या म्हातारपणी वाढवलेलं. ती गोठ्यात शेण काढत होती, वडिलांशी भांडत होती, टीव्हीपुढं पेंगत होती आणि आत हे काम चालू होतं. तिला त्याचा पत्ता नव्हता. चितेच्या आगीतही त्या छिद्रांतली पकड सुटली नव्हती. मी आयुष्यभर लोखंडाला लोखंड बसवत आलो. असा जोड मला कधी जमला नाही, जमणारही नाही.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

मी खुंटी त्यांच्या हातात दिली आणि ते पांढरं दाखवलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते पुन्हा सांगितलं. वडिलांनी चष्मा वर सरकवून ती डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ त्यांचा अंगठा त्या खरखरीत भागावरून फिरत राहिला.

"आप्पा, उन्हं वर आली," चुलते म्हणाले. "काय करायचं?"

"तात्या, तिनं धरलंय त्याला," वडील म्हणाले. "मी कोण सोडवणार?"

चुलत्यांनी मडकं पुढं केलं. पण खुंटी मावेना, गोळा तोंडाशी अडकत होता. मग वडिलांनी ती हातातच ठेवली आणि शेतापर्यंत तशीच नेली. खड्ड्यात आधी अस्थी ओतल्या, त्यावर राख. वडील गुडघ्यावर टेकले, तेव्हा मी त्यांना धरलं. त्यांनी खुंटी आडवी ठेवली, मग थोडी फिरवून उभी केली, मांडीत असते तशी, आणि दोन्ही हातांनी तिच्याभोवती माती दाबली.