सुलभाकाकूंचे पॉपलर

रेल्वेत इंजिनिअर असलेल्या चंद्रहासकाकांनी उत्तरेत चिनहटजवळ थोडी शेती घेतली आणि सुलभाकाकूंनी तिथे गव्हाच्या वावरात लाकडासाठी पॉपलरच्या झाडांच्या रांगा लावल्या. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात सावली दाटली, तसे शेजारचे रामआसरे बांधावरून म्हणाले, "बहनजी, गेहूँ बोएँगी कि झूला डालेंगी?" (रामआसऱ्यांचा हा आवाज काढायला मला नाक चिमटीत धरावं लागतं.)

काकांनी निकालच दिला. "सुलभा, यंदा गहू गेला तर झाडं तोडायची. फायनल!"

"हाँ हाँ, तोडा! आधी गहू पेरू तर द्या." पदर खोचून काकू रामआसऱ्यांकडे वळल्या. त्यांची हिंदी थेट साताऱ्याची. "भैया, थंडी में ये पेड़ नंगा होता है. ऊन सगळं गव्हाला!"

तसंच झालं. पानं गळली. कोवळ्या गव्हावर पडलेली पानं काकू रोज टोपलीत वेचायच्या, आणि उघड्या फांद्यांतून ऊन थेट खाली उतरायचं.

होळीनंतर गहू पिवळाधमक झाला. काकांनी एक ओंबी तळहातावर चोळली. दाणे टपोरे निघाले.

"बोला की!" काकू म्हणाल्या.

काकांनी घसा खाकरला. "राहू देत झाडं."

तेवढ्यात बांधावरून मधाळ आवाज आला, "बहनजी, दो-चार कलमें हमें भी..."

काकू अख्ख्या चिनहटला ऐकू जाईल अशा हसल्या.