पोटातली माया

गर्भाशय काढल्याच्या तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या खाटेकडे बघत पडले होते. तिथल्या रिबेकामावशी, रेवदंड्याच्या बेने इस्रायली ज्यू, हिब्रू स्तोत्रांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत होत्या.

"कुठला शब्द हा?" मी विचारलं.

"रखामीम. देवाची दया. रेखेम म्हणजे गर्भाशय, त्याच्याच घरातला हा शब्द. पोटातली माया म्हण ना."

मूल झालं नव्हतंच, आता पिशवीही गेली होती. "मावशी, माझी तर काढूनच टाकली."

त्यांनी चष्मा उतरवला. "अगं, देवाला तरी कुठे आहे? पण शब्द त्याच्यासाठीच आहे."

दया म्हणजे वरच्याने खालच्याला द्यायची वस्तू, असंच मला वाटत आलं होतं. एखाद्या भाषेने ती इतक्या आत, अंधारात, ऊब असते तिथे ठेवावी?

दुपारी समोरच्या खाटेवर एक मुलगी आली. उद्या तिचं ऑपरेशन होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. टाके सांभाळत मी उठले, तिच्याजवळ जाऊन बसले.

"हात दे," म्हटलं.

तिने दिला.