दोन आगींमधली सुट्टी

ते दगड चाटून बघायचे.

आधी हातोडीनं टवका काढायचा, मग फुंकर, मग जिभेचं टोक लावून डोळे मिटायचे. आपण आमटीचं मीठ बघतो तसं. मी लग्न होऊन नुकतीच कॉलनीत आले होते. शेजारचे प्रौढ गृहस्थ आमच्याच कुंपणाचा दगड चाटताहेत हे पाहून मी आत पळाले आणि कडी लावली. संध्याकाळी यांना म्हटलं, "शेजारी वेडा आहे." हे म्हणाले, "वेडा नाही गं, भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक आहे." मला त्यात फारसा फरक दिसला नाही.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! गुलमंडीच्या बाजारपेठेत वाढलेली, ब्लाउजच्या रंगाची बांगडी मिळेपर्यंत दुकानदाराला घाम फोडणारी, आणि शाळेत चौथीला भूगोल शिकवते म्हणून पृथ्वी स्वतःच्या मालकीची समजणारी. शहर तेव्हा शेतं गिळत चाललं होतं. काल ज्वारी उभी होती तिथं आज प्लॉटच्या चुन्याच्या रेघा. कॉलनीच्या टोकाला दगडाची एक बंद पडलेली खदान होती. लोक तिच्याकडं पाठ करून घरं बांधत. शेजारचे सर मात्र भाजीला निघावं तसे रोज पिशवी घेऊन तिकडं जात आणि पिशवी भरून दगड आणत. त्यांच्या बायको मला म्हणायच्या, "आमच्याकडं दगडांना कपाट हाय आणि साड्या दोरीवर."

एकदा मी त्यांना माझी विद्वत्ता दाखवली. "सर, पृथ्वी सूर्यापासून अगदी योग्य अंतरावर आहे, म्हणून इथं जीवसृष्टी आहे."

"व्हय का? मग चंद्र कुठं लई लांब हाय, वहिनी? तो बी जवळपास तेवढ्याच अंतरावर. तिथं एक मुंगी दावा."

मी पदर सावरला. अडले की मी पदर सावरायचे. त्या वर्षी फार सावरला.

"चला खदानीत," ते म्हणाले. "आणि ती उंच टाचांची चप्पल काढून ठेवा."

मी काढली नाही. खदानीत उतरले ती निम्मी वाट बसूनच.

कॉलेजात ते छापील मराठी बोलत म्हणे. खदानीत उतरले की थेट आपल्या गावचे, देवगाव रंगारीचे होत. "चंद्र पडला लहान. लवकर गार झाला, हवा धरून ठेवता आली नाय. आपली ही मोठी. हिच्या पोटात आग अजून पेटती हाय. त्या आगीनं पहिल्यांदा वायू सोडले, वाफ सोडली. वाफेचा पाऊस झाला, पावसाचा समुद्र झाला, वायूंची झाली ऊब धरणारी गोधडी. गोधडी लई जाड झाली, की पाऊस आणि दगड मिळून तिच्यातला वायू खातात आणि समुद्राच्या तळाला नेऊन पुरतात. पातळ झाली, की ज्वालामुखी नवा थर घालतात. शिवणकाम चालूच हाय."

"कधीपासून?"

"तुम्ही बांगड्या घ्यायला लागायच्या लई आधीपासून."

मग त्यांनी समोरची भिंत दाखवली. खाली काळा दगड, वर काळा दगड, मधे वीतभर तांबडा पट्टा. "हे दोन्ही काळे म्हणजे लाव्हा. पृथ्वीच्या वयाच्या मानानं कालपरवाचा. खालची आग विझली, पाऊस पडला, दगड झिजून माती झाली, मातीतलं लोखंड गंजून तांबडं झालं. काही उगवलं बी असंल. मग वरनं दुसरी आग आली. दोन आगींमधली सुट्टी हाय ही. जीव सगळा सुट्टीतच वाढतो, वहिनी." त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला. लेकराच्या पाठीवरून फिरवतात ना, तसा.

त्या भिंतीसाठी माणूस काय करायचा पाहा. उन्हाळा सरता सरता विद्यार्थ्यांना जुंपून खदानीच्या वरच्या अंगाला मुरमाचा बांध घालायचा. ओढ्याचं पाणी खदानीत शिरू नये, वळून पलीकडं जावं, आणि पट्टा वर्षभर कोरडा दिसावा. दरवर्षी बांध, दरवर्षी त्यावर चहा-भजी. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आणि मग लागोपाठ दुष्काळाची वर्षं आली. बोअरमधून आधी गढूळ पाणी, मग वारा. टँकर आला की मी, भूगोलाची बाई, पदर खोचून हंड्यासह अशी धावायचे की शाळेतल्या मुलींनी पाहिलं असतं तर जन्मभर हसल्या असत्या. तरी दुष्काळातही चार जोराच्या सरी यायच्या. ओढा तासभर धावायचा, बांधाला वळसा घालून निघून जायचा.

कॉलनीची बैठक भरली. आणखी खोल बोअर घ्यावा की नको यावर सगळे तावातावानं भांडत होते. मी मधेच म्हणाले, "सर, तुमचा तो बांध फोडला तर? ओढ्याचं पाणी खदानीत साठेल, जमिनीत मुरेल."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "वहिनी, भिंत बुडंल माझी."

त्यांच्या बायको मागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बुडू द्या की. माझी कंबर गेली आता हंडे उचलून."

सर उठून गेले. पुढचे काही दिवस हातोडीचा आवाज नाही. मला वाटलं, आता जन्माचा अबोला. पण एका सकाळी दारात उभे. "तुमच्या शाळेतल्या पोरींना खदानीत आणता का? शेवटचं बघून घेऊ द्या."

आणल्या. या खेपेला मी साध्या चपला घालून आले. एकेका मुलीला त्यांनी तांबड्या पट्ट्याला हात लावायला लावला. एकीनं विचारलं, "सर, हे बुडणार म्हणून तुम्हाला रडू येतंय का?"

"येतंय की," ते म्हणाले. "पण ही सुट्टी बघायला पुढं पाणी पिऊन कुणी उरलं पाहिजे ना बाई?" मग कुदळ घेतली आणि बांध स्वतःच फोडला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पावसाळ्यात खदान भरली. तांबडा पट्टा दिसेनासा झाला, आणि हळूहळू आमच्या बोअरना पाणी आलं. सर काही तिकडं फिरकले नाहीत. मग एका दुपारी गल्लीतून ओरडत आले, "वहिनी! अहो चला! आलं!"

मला वाटलं कुणी बुडालं. धावत गेले. मी पोचेपर्यंत सर काठावर पालथे पडून पाण्याकडं बघत होते. दगडाच्या कडेला हिरवट बुळबुळीत शेवाळ धरलं होतं.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच? अहो, आपण श्वासात घेतो तो प्राणवायू पहिल्यांदा असल्याच बुळबुळ्यांनी तयार केला. समुद्रात बसून, उन्हात, बिनबोभाट. उघडा दगड होता, पाणी आलं, आणि बघा, लगेच हे हजर!" बोटानं थोडं उचलून ते माझ्या नाकाशी धरून हसत होते. भिंत गेल्याचं दुःख त्या चेहऱ्यावर मला शोधूनही सापडलं नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. खदानीला तळं म्हणतात, भोवती कठडा आहे, फिरायला फरशी आहे. सफाईचं पोरगं जाळी घेऊन शेवाळ काढायला आलं की मी कठड्यापाशी जाऊन उभी राहते.

"एक कोपरा राहू दे रे," मी म्हणते.

"आजी, घाण हाय ती!"

"घाण कसली? घरातलं सगळ्यात जुनं माणूस आहे ते. त्याला असं हाकलतात होय?"

पोरगं हसतं, डोक्याशी बोट फिरवतं, आणि कोपरा सोडतं.