काळूबाबा आणि नानांचा तळहात

आमच्या द्वारका चौकात जुन्या सीडी-डीव्हीडी विकणारा एक हातगाडीवाला उभा असायचा. साधारण वीस वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, त्याच्या ढिगाऱ्यात मला नानांचा सिनेमा सापडला... आणि मी भर चौकात रडायला लागले. तो बिचारा घाबरून म्हणाला, "ताई, चालली नाही तर बदलून देईन ना!"

नानांचा सिनेमा म्हणजे त्यांनी काढलेला नव्हे हो. माझे वडील सरकारी सिनेमागाडीवर ऑपरेटर होते. जीपमधून जनरेटर, पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन गावोगाव जायचं, लसीकरणाच्या नाहीतर कुटुंबनियोजनाच्या फिल्म दाखवायच्या, हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकातही हरसूलकडच्या पाड्यांवर टीव्ही कुठे होते!

एकदा फिल्मच्या पेट्यांची अदलाबदल झाली आणि नानांच्या गाडीत एक जुना इंग्रजी सिनेमा आला. ब्लॅक अँड व्हाइट. समुद्री चाचे, तलवारी, दोराला लोंबकळून या जहाजावरून त्या जहाजावर उड्या... पेटी परत मागायला कोणी आलं नाही, आणि नानांनीही कुणाला आठवण करून दिली नाही.

बघणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. खरं सांगायचं तर नानांनाही येत नव्हतं. मग त्यांनी सिनेमाचा आवाज बारीक केला, माइक हातात घेतला आणि गोष्ट स्वतःच सांगायला सुरुवात केली. कप्तान झाला सोमनाथ, त्याचं जहाज बळकावणारा गव्हर्नर झाला 'मोठा साहेब', आणि सुकाणू धरणारा दाढीवाला म्हातारा झाला काळूबाबा. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता ती माणसं वल्ह्यांच्या तालावर डुलायची.

सुट्टी असली की मीही जीपमध्ये असायचे. त्यामुळे ती गोष्ट मला पाढ्यांसारखी तोंडपाठ झाली होती.

घोळ एकच होता. शेवटच्या आधीच्या रिळात कप्तानाला वाचवताना काळूबाबाला गोळी लागते आणि तो डोळे मिटतो. हरसूलला पहिल्या खेळाला एक आजी तिथून उठली ती थेट प्रोजेक्टरपाशी आली. "साहेब, म्हाताऱ्याला उठीव ना... लय चांगला हाय तो."

पुढच्या खेळापासून नानांनी एक युक्ती काढली. काळूबाबाचे डोळे मिटायला लागले की नाना लेन्ससमोर तळहात धरायचे. पडदा काळा. मग माइकवरून सांगायचे, "घाबरू नका मंडळी, काळूबाबाला नुसती चक्कर आली आहे. घोटीच्या दवाखान्यात नेलंय, भातकापणीला घरी येईल!" टाळ्या पडायच्या. मीसुद्धा कितीतरी वर्षं ते खरं मानत होते, इतकी मी बावळट.

तर त्या रविवारी ती डीव्हीडी घेऊन मी घरी आले. नाना कॉटवर पडून होते. घशाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते आणि त्यांचा आवाज कायमचा गेला होता. माइकवरचा तो भरदार आवाज... आता माझ्या लेकीच्या पाटीवर खडूने लिहून बोलत होता.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, गाठ पसरली आहे, आता फार दिवस नाहीत. आईने शपथ घातली, म्हणून मी नानांना सांगत राहिले की सगळं निघालंय, नुसता अशक्तपणा आहे. रोज त्यांच्या तोंडावर खोटं बोलायचं आणि मोरीत जाऊन रडायचं, असं चाललं होतं.

दुपारी सिनेमा लावला. जहाज दिसल्याबरोबर नाना उठून बसले. मला खूण केली... आवाज बारीक कर. मग माझ्याकडे बोट दाखवलं, तू सांग.

मी सांगायला लागले. सोमनाथ, मोठा साहेब, सगळं. एके ठिकाणी चुकले तर त्यांनी कॉटवर टकटक करून मला थांबवलं. कितीतरी दिवसांनी ते हसत होते.

आणि मग तो सीन आला. काळूबाबा पडला. मी विचार न करता उठले आणि टीव्हीसमोर तळहात धरला. "घाबरू नका मंडळी, काळूबाबाला नुसती चक्कर..."

नानांनी हाताने खूण केली. बाजूला हो.

मी झाले बाजूला. काळूबाबाने डोळे मिटले, कप्तानाने टोपी काढली, नानांनी ते सगळं नजर न हलवता पाहिलं. पहिल्या खेळानंतर त्यांनी हे पाहिलंच नव्हतं, मध्ये त्यांचाच हात असायचा. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'काळूबाबा गेला. माझंही मला माहीत आहे. तुझ्या तोंडावर दिसतं.'

मी त्यांच्या पायाशी बसून हमसून हमसून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'एक रीळ बाकी आहे. बोल.'

मी बोलले. नाक ओढत, घोगऱ्या आवाजात, शेवटपर्यंत.

नाना त्यानंतर महिनाभर होते. त्या महिन्यात आम्ही एकमेकांपासून काहीही लपवलं नाही. आईसुद्धा हळूहळू त्यांच्याजवळ बसून रडायला शिकली.

शेवटच्या दुपारी त्यांचे डोळे मिटायला लागले, तेव्हा तो लेन्ससमोरचा तळहात मी माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. तेवढं बळ नानांनीच दिलं होतं मला, त्या रविवारी, बाजूला हो म्हणून.