पाटकऱ्याविना सहा दिवस

म्हस्कू शेंडगे सत्तावीस वर्षं पाटकरी होता. शिरूर तालुक्याच्या दौंडकडच्या अंगाला कालव्यातून एक चारी फुटते, तिच्यावर बारा दारं. कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, ते म्हस्कू पाळीप्रमाणं बघायचा. दारांच्या कुलपांच्या किल्ल्या त्याच्या करदोट्यात ओवलेल्या असत. आंघोळीलाही तो त्या काढत नसे.

माणसांविषयी त्याचं मत फार लवकर पक्कं झालं होतं. बाप मेंढरं राखायचा. एकदा कळप चुकून हरभऱ्यात शिरला, तेव्हा ज्याच्या रानात बाप दरसाल खतासाठी मेंढरं बसवायचा त्याच शेतकऱ्यानं त्याचा हात मोडला. पुढं म्हस्कू पाटकरी झाला, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या पाण्यावरून दोन चुलतभाऊ भिडले आणि एकजण जागीच गेला. त्याला उचलून बैलगाडीत घालणाऱ्यांत म्हस्कू होता. धाक आहे तोवर माणूस माणसासारखा वागतो, धाक उठला की लांडगा होतो, असं तो तेव्हापासून म्हणू लागला.

शमुवेल गुरुजींना हे मान्य नव्हतं. शिरूरच्या मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन ते गावी चार एकर करत होते. माणसाला मुळात तंटा नको असतो, त्याला वाट दाखवली की तो नीट चालतो, असं त्यांचं म्हणणं. बाजारच्या दिवशी एस्टी स्टँडसमोर चहा पिताना दोघांचा हा वाद ठरलेला. गुरुजी गोडीनं समजावत आणि म्हस्कू मान हलवत ऐकून घेई. निघताना मात्र म्हणे, "गुरुजी, तुम्ही पोरं सांभाळली. मी पाणी सांभाळतोय."

दोन हजार तीनचा उन्हाळा वाईट होता. विहिरी तळाला गेल्या, आणि कालव्याच्या पाण्याचं आठ दिवसांचं एकच आवर्तन मिळणार असं कळलं. वरच्या दारांवर ऊस उभा होता. शेवटच्या दारांवर, म्हणजे टेलला, जनावरांपुरतं कडवळ. पाणी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हस्कू दाराच्या शेवाळलेल्या कठड्यावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. जीपमध्ये घालून त्याला शिरूरला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या पाटकऱ्यासाठी गुरुजींनी वरती निरोप धाडला, पण माणूस काही आला नाही. शेवटी ब्लेसी नावाच्या नर्सबाईंनी म्हस्कूचा करदोटा कापला आणि किल्ल्या गुरुजींच्या हातात दिल्या. म्हस्कूनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग सहा दिवस त्याचा जीव टांगणीला लागला. पायाला वजन बांधलेलं, कुशीवर वळता येईना. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली की तो मान उचलून बघे. आपल्याच गावचं कुणीतरी, डोकं फुटलेलं, आता आत आणतील, असं त्याला वाटे. मनातल्या मनात तो नावंही घेई. वरच्या दारचा मल्हारी तर नक्की. चोरून पाणी घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाहीतर मग टेलचा हौशीराम, तो तापट. बायकोनं आणलेली भाकरी तशीच परत जाई.

सहाव्या दिवशी दुपारी खरंच मल्हारी आला. उजव्या हाताला रक्ताळलेला टॉवेल गुंडाळलेला. म्हस्कूनं डोळे मिटून घेतले.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुठं, आबा?"

"हौशीराम हाय का गेला?"

मल्हारी जरा गोंधळला. "हौशीराम भाईर हाय. त्यानंच आणलं मला फटफटीवर," तो म्हणाला आणि कॉटच्या कडेला टेकला. मग त्यानं सगळं सांगितलं.

पहिले चार दिवस गुरुजींनी पाळीबरहुकूम दारं उघडली आणि लावली. पाचव्या दिवशी मल्हारीनं दार उघडायला गुरुजींकडून घेतलेल्या किल्ल्या पाळी संपल्यावर परत दिल्याच नाहीत, त्याचा दीड एकर ऊस भिजायचा राहिला होता. पुढची पाळी बयाबाईची होती. टेलची विधवा बाई, चार म्हशींवर घर चालवणारी. ती आली, तिच्यामागं हौशीराम आला, दोन्हीकडची पंधरावीस माणसं जमली. हौशीरामनं फावडं उचललं. मल्हारीनंही उचललं. या भांडणात चारीकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. खालची दारं सगळी बंद, पाणी तुंबत गेलं आणि वीस पावलांवर बांध फुटला. पाणी धो धो ओढ्याला लागलं.

"बयाबाईच वरडली आधी," मल्हारी म्हणाला. "मग कुणी काय इचार केला न्हाई. आमी दोघंबी त्याच फावड्यांनी माती लोटाया लागलो. माती थांबंना, म्हणून मी पत्रा आडवा घातला, त्यानं हात चिरला. दोन तास लागले, आबा. समदी चिखलानं भरलेली."

पाणी अडल्यावर सगळे तिथंच बसून राहिले. भांडायला अंगात त्राणच नव्हतं. तेव्हा बयाबाईनं सुचवलं, की ज्याची पाळी पुढची, त्यानं आधीच्याची पाळी संपायच्या तासभर आधी दारावर येऊन बसायचं आणि किल्ल्या हातोहात घ्यायच्या. कुणी नाही म्हटलं नाही. तेव्हापासून किल्ल्या तशाच फिरत होत्या, आणि मल्हारी निघायच्या आधी सकाळी बयाबाईचं कडवळही भिजून निघालं होतं. मल्हारीची जखम रात्रभर वाहत राहिली, एवढंच नुकसान.

छातीवरचा धोंडा कुणी उतरवून ठेवावा तसं म्हस्कूला झालं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही. थोडं वाईटही वाटलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्यावाचून एक आवर्तन निघत आलं होतं.

संध्याकाळी गुरुजी आले, तर त्यानं आधी वादच काढला. "तुमचं कुठं खरं झालं? फावडी उचललीच की त्यांनी."

"उचलली," गुरुजी म्हणाले. "मी तिथंच उभा होतो, म्हस्कू. आयुष्यभर पोरांना उपदेश केला, पण त्या वेळी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तुझंच खरं झालं, असं मला वाटून गेलं."

"मंग?"

"मग बांध फुटला."

म्हस्कूला हसू आलं. माणसं काही देवमाणसं झाली नव्हती, हे त्यानं सांगूनच टाकलं. किल्ल्या दिल्या त्या डोळ्यांसमोर पुढचा माणूस बसलाय म्हणून. गुरुजींनीही ते कबूल केलं, पण पुढचा माणूस हातात काठी न घेता बसतो, एवढं त्यांनी जोडलं. म्हस्कूनं बायकोला हाक मारली. बायकोनं डबा उघडला. त्यानं दीड भाकरी खाल्ली आणि वर कांदा मागितला.

महिन्यानं त्याला घरी सोडलं. जीप मल्हारीच चालवत होता. फुटलेल्या जागी आल्यावर म्हस्कूनं गाडी थांबवायला लावली, कुबड्या घेऊन खाली उतरला आणि लिंपलेला बांध टाचेनं दाबून बघितला.

"कच्ची भरलीय माती. खाली दगड घालाय पायजे व्हता."

"घालू की, आबा. तुम्ही सांगा कसा."

म्हस्कू बांधावर बसला आणि कुबडीच्या टोकानं जागा दाखवू लागला.