लष्करी लॉरीला जातं बसवलं तेव्हा

माझ्या वडिलांचा सोलापुरात बैलगाड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक भट्टी आणि बाभळीच्या लाकडांचा ढीग. मी चौथीपर्यंत शिकले, मग लग्न झालं. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली. मी ट्रंक उचलली आणि माहेरी आले. रडले नाही. रडण्यासारखा तो माणूसच नव्हता.

पुढे सवतीला दिवस गेले, तेव्हा सासऱ्यांचा निरोप आला. दसऱ्याला सुनेला न्यायला येतो, बाळंतिणीचं करायला घरात बाई नाही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. कारखान्याला काम राहिलं नव्हतं. रेल्वेच्या मालधक्क्यावर ज्याच्या चाळीसेक बैलगाड्या चालत, तो मुकादम नव्या गाड्या दुसरीकडून घ्यायला लागला होता.

अण्णा म्हणाले, "कारखाना मिटला तर मी मोहोळला तुज्या भावाकडं जाईन. त्येची खोली एक, माणसं सात. तुला कुटं ठिवू?"

म्हणजे कारखाना चालला तर मी इथे, नाहीतर सवतीचं बाळंतपण. एवढी सरळ गोष्ट होती.

आमच्या शेजारी एक मुसलमान मिस्त्री राहत. मी त्यांना चाचा म्हणायची. पहिल्या महायुद्धात ते तिकडे इराकात, बसऱ्याला, लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत होते. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक माल वाहायची लॉरी त्यांनी आणि अण्णांनी भागीत आणली. भरीव रबराची चाकं, साखळीवर चालणारी, पुढे काच नाही, वर ठिगळाची ताडपत्री. पहिल्या दिवशी हँडल मारून मारून दोघांच्या दंडांना गोळे आले.

त्या सुमारास मंद्रूपच्या एका जिनमालकाचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीवाल्याचा, बॉयलर मालधक्क्यावर येऊन पडला. पंधरा हात लांब, नुसता लोखंडाचा हत्ती. मुकादमानं बारा बैलजोड्या लावून तो शहराबाहेर नेऊन पाहिला होता. गाडीचा कणा मोडला आणि बॉयलर दोन दिवस रस्त्यात आडवा पडला. कसाबसा माघारी आणला. जिनमालक चिडला. म्हणाला, दसऱ्याच्या आत जो कोणी हा मंद्रूपला पोचवेल, हंगामभर जिनाच्या गाठी स्टेशनवर आणायचं काम त्याचं.

लॉरीच्या पाठीवर तो बॉयलर मावत नव्हता आणि पेलवतही नव्हता. चाचा म्हणाले, "पाठ पे नै लेती. लेकिन खींचेगी."

मग ठरलं. लॉरीचा मागचा फळ्यांचा सांगाडा काढून टाकायचा, शेपटाकडची चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, कापून आखूड करायची. अण्णांनी दोन चाकांची लांब गाडी बनवायची, तिचं मागचं टोक स्वतःच्या चाकांवर आणि पुढचं टोक लॉरीच्या पाठीवर. ते टोक वळताना फिरलं पाहिजे, म्हणून एकावर एक दोन जाड लोखंडी तबकड्या आणि मधे खुंटा. जसं दळायचं जातं. आम्ही त्याला जातंच म्हणायचो. एरंडेल ओतायचं काम माझं आणि भाताही माझाच.

मोटारीचं चाचांनी बघायचं, गाडीचं अण्णांनी, अशी वाटणी होती. दोघंही एकमेकांच्या कामात नाक खुपसत नसत. अदब म्हणून. जातं कुठे बसवायचं हे चाचांनी ठरवलं. बसऱ्याला तोफा लॉरीच्या शेपटाला अडकवत, म्हणून त्यांनी जातंही शेपटाला बसवलं, मागच्या चाकांच्याही मागे. अण्णा मोटारीत आपल्याला काय कळतं म्हणून बोलले नाहीत. मी भाता ओढत होते, मला कोणी विचारलं नाही.

गाडीवर दगड रचून पहिली चाचणी घेतली. कारखान्यापुढे लहानसा चढ होता. लॉरी चढाला लागली आणि तिची पुढची चाकं जमिनीवरून वीतभर उचलली गेली. चाचा सुकाणू फिरवताहेत आणि चाकं हवेत फिरताहेत. लॉरी तिरकी झाली, मागे सरकली आणि आमच्याच लाकडांच्या ढिगात जाऊन घुसली.

मुकादम बघायला उभाच होता. "आरं सुतारा, तुजी घोडी दोन पायावर नाचती की! लग्नाच्या वरातीला दे, लई चालंल!"

लोक हसले. अण्णांनी मान खाली घातली आणि आत जाऊन हत्यारं पेटीत भरायला लागले. ते पाहून माझं डोकं तापलं.

मी म्हटलं, "अण्णा, गाडी उलाळ झालीय."

उलाळ म्हणजे मागे जास्त भार होऊन गाडीचं तोंड वर उठणं. आमच्याकडे नवी गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिच्यावर पोती रचून जू हातात धरून बघायचे. जू एका माणसाला उचलता आलं पाहिजे आणि सोडलं की खाली आलं पाहिजे. आपोआप वर उठलं तर बैलाला फास लागतो. फार जड असलं तर बैलाचा खांदा सुजतो. लहानपणापासून ते जू मीच धरत आले होते.

चाचा म्हणाले, "बेटी, ये बैलबंडी नै, मोटार हय."

"मोटारीला वजन कळत नाही का, चाचा? बॉयलरचं ओझं मागच्या चाकाच्याही मागे टेकवलंत, म्हणून तोंड उठलं. जातं त्या चाकाच्या पुढे घ्या. हातभर."

"आगे लिया तो मुडते वखत बॉयलर मेरी खोपडी को लगेगा."

अण्णा पेटीपाशीच थांबले होते. ते उठले, सुतळी आणि खडू घेऊन आले. जमिनीवर लॉरी आखली, खुंट्याच्या जागी खिळा ठोकला, सुतळीनं गाडीच्या कोपऱ्याची फेरी काढली. खडूची रेघ चाचांच्या बैठकीपासून चार बोटं लांबून गेली.

"चार बोटं हायती," अण्णा म्हणाले.

चाचांनी रेघेकडे पाहिलं, मग आपल्या पागोट्याकडे हात नेला. "पागोटा छोटा बांधूंगा."

तेव्हा मात्र आम्ही तिघंही हसलो.

रिव्हेटी तोडून जातं पुढे घ्यायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी तेच दगड, तोच चढ. मी पुढच्या चाकाशेजारी वाकून चालत होते, डोळे चाकाच्या बुडाशी. चाकाखालची माती दबत होती. लॉरी चढ चढून वर गेली.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना बॉयलर चढवला. साखळ्या आवळल्या आणि सकाळी निघालो. मी बॉयलरच्या पुढे गोणपाटावर बसले, एरंडेलाचं डबडं मांडीवर. बाई मोटारीवर बसलेली बघून लोक बॉयलर बघायचे विसरले.

मंद्रूपच्या वाटेवर एक ओढा लागतो. पलीकडची दरड चांगली उभी होती. तिथे मुकादम दहा बैलजोड्या आणि दोरखंड घेऊन सावलीत बसलेला.

"या या! बैलं जुपूनच ठिवल्यात. तुमी हाक मारायचीच वाट बघतोय!"

"बसा, मामा," मी वरून म्हटलं. "बैलांना चारा घाला. वेळ जाईल."

चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं. पाण्यातून गेलो, दरडीला लागलो. लॉरी इतकी कण्हत होती की आता काहीतरी तुटणार असं वाटलं. मी खाली वाकून पुढच्या चाकांकडे बघत होते. ती मातीत रुतून होती. सुकाणू वळलं की चाकं वळत होती. एकदा थांबलो, अण्णांनी मागच्या चाकाला दगड लावला, जात्यात एरंडेल ओतलं, पुन्हा निघालो. मग एकदम सपाटी आली आणि कण्हणं बंद झालं.

मागून एक गाडीवान ओरडला, "मुकादम, दोर गुंडाळू का?" मुकादमानं त्याला शिवी दिली. ती मी आजही लिहू शकत नाही, पण ऐकून लई बरं वाटलं.

मंद्रूपला त्या दिवशी बाजार होता. माणसं टोपल्या टाकून धावली. जिनमालकानं बॉयलरला हात लावून बघितला आणि अण्णांना विचारलं, "हंगामभर जमंल का?"

अण्णा म्हणाले, "माज्या एकट्याला न्हाय जमायचं. हिला इचारा."

मी म्हटलं, "जमेल."

परतताना गाडी रिकामी होती, खडखडत होती, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. अण्णा ओरडले, "तुज्या सासऱ्याला काय निरोप धाडू?"

"येत नाही म्हणावं!"

"का इचारलं तर?"

"काम आहे म्हणावं!"

चाचांनी मागे न बघताच मान हलवली. "सही बोली."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सासऱ्यांना पत्र लिहवून घेतलं. अक्षर माझंच होतं. दोन ओळींत संपलं.